फ्रीजवरच्या चार गाई

माझं लग्न ठरल्याची बातमी मला टॅक्सीच्या रांगेत मिळाली. पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी मागे वळून माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन, रा-रेसेगो. चार गाई म्हणजे आजच्या दिवसांत काही कमी नाही." मी "धन्यवाद" म्हणालो. सभ्य माणसाची हीच अडचण असते. आधी तोंडातून धन्यवाद निघून जातं आणि डोकं मागाहून चालू होतं. पंधरा माणसं कोंबलेली ती टॅक्सी गा-रान्कुवाच्या चौकात पोचली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की नवरी कोण हे मला ठाऊक नाही.

गाई कुठल्या ते मात्र ठाऊक होतं. त्या आमच्या फ्रीजवर होत्या.

मी नगरपालिकेच्या वाचनालयात कारकून आहे. पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडून दिवसाला एक रँड दंड घ्यायचा आणि त्याच्याकडे जरा दुःखानं बघायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं बघतोय, त्यामुळे ते दुःख आता चांगलं जमतं. असा माणूस स्वतः बँकेच्या क्रेडिट कार्डाचे चाळीस हजार रँड थकवून बसलाय, हे बाहेर कळलं तर त्या खुर्चीची काय अब्रू राहील? म्हणून मी कुणाला कळू दिलं नव्हतं. घरात मुलगी आणि बाहेर बँक, एवढ्यांनाच माहीत होतं, आणि मुलीलाही अर्धंच.

कर्ज कसं झालं ते एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका. सेगामेत्सीनं आणि मी अकरा वर्षं संसार केला आणि लग्नाबद्दल तिच्या माणसांना द्यायच्या बोगादीच्या गाई मी अकराही वर्षं 'पुढच्या वर्षी' देणार होतो. मग ती आठ दिवसांच्या आजारात गेली. दफनाच्या सकाळी तिचे थोरले मामा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, गाई आल्याशिवाय तू नवरा म्हणून तिच्यावर माती टाकू शकत नाहीस. आणि ज्यानं गाई दिल्या नाहीत त्याचं मूल त्याचं नसतं, तेव्हा मुलगी आम्ही नेतो. ते रागावले नव्हते. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. मी कार्ड घेऊन निघालो, तीन ठिकाणच्या यंत्रांमधून चार गाईंची रक्कम काढली आणि त्यांच्यासमोर मोजली. मुलगी राहिली. रेसेगो तेव्हा नऊ वर्षांची, आतल्या खोलीत बायकांमध्ये बसलेली. ते पैसे कसल्या गाईंचे, असं तिनं पुढे विचारलं तेव्हा मी "आईच्या वेळच्या" एवढंच म्हणालो. दफनाच्या जेवणासाठी कापलेल्या, असं ती समजली, आणि मी ती समजूत तशीच राहू दिली. मुलीला सांगणार तरी काय, की बाई, तू उधारीवर ठेवून घेतलेली आहेस?

पहिली दीड वर्षं मी बँकेला कमीत कमी किती भरता येतं तेवढं भरत होतो. हा हिशोब इतका हुशारीनं केलेला असतो की माणूस आयुष्यभर भरत राहतो आणि गाय जागची हलत नाही. रेसेगोला शाळेत टक्केवारी शिकवली तेव्हा तिनं एका रविवारी माझी सगळी बिलं जमिनीवर पसरली, अर्धा तास पेन्सिल चावली आणि म्हणाली, "पपा, असं चाललं तर तू सत्त्याण्णव वर्षांचा होशील." मग तिनं कात्री आणली. कार्डाचे चार तुकडे झाले. आवाज फार झाला नाही.

त्या दिवसापासून घरात पाकिटं आली. पगार झाला की सगळा काढून आणायचा आणि पाकिटांत घालायचा. टॅक्सी, वीज, शाळा, चर्च, बोगोब्याच्या लापशीचं पीठ, आणि सगळ्यांत जाड पाकीट, ज्यावर रेसेगोनं फक्त 'गाय' असं लिहिलं. बँकेशी बोलणी करून मी एक करार पदरात पाडून घेतला होता. अडीच हजारांचे सोळा हप्ते, व्याज माफ, पण एकही हप्ता चुकला तर माफ केलेलं सगळं व्याज परत अंगावर. ते साधारण दहा हजार होतं. "म्हणजे पाचवी गाय," रेसेगो म्हणाली, आणि तिनं कागदावर चार गाई काढल्या, प्रत्येकीचे चार भाग केले आणि कागद फ्रीजवर चिकटवला. हप्ता भरला की एक भाग लाल रंगवायचा. मागून सुरुवात करायची, मग पोट, मग मानेपर्यंतची छाती आणि शेवटी डोकं. गाई तिला जमल्या नव्हत्या, त्या शिंगं लावलेल्या सोफ्यांसारख्या दिसत होत्या. पण सव्वा वर्षात आम्ही डब्यातले मासे आणि परसातली पालेभाजी खाऊन त्यातल्या तीन पूर्ण रंगवल्या, आणि चौथीच्या पोटापर्यंत आलो होतो.

आणि नेमक्या त्या वेळी मा-पोगिसोची वीज गेली.

मा-पोगिसो समोर राहते. आमच्याकडे आईबापांना पहिल्या मुलाच्या नावानं ओळखतात, त्यामुळे ती पोगिसोची मा आणि मी रेसेगोचा रा. रस्ता एकच, पण भारनियमनाच्या वेळापत्रकात रस्त्याची ती बाजू वेगळ्या गटात आहे. तिच्याकडे अंधार असतो तेव्हा आमच्याकडे उजेड. त्या आठवड्यात तिच्याकडे दिवसातून दोनदा अंधार होता, म्हणून ती बारा किलो कोंबडीचे पाय घेऊन आमच्या फ्रीजमध्ये ठेवायला आली. पाय ठेवले. दार लावलं. मग ती फ्रीजसमोर बराच वेळ उभी राहिली. मी बाजूला उभा होतो आणि मला एकदम वाटलं की मी काहीतरी कपडा घालायचा विसरलोय.

"चार," ती म्हणाली.

"रेसेगोची चित्रकला," मी म्हणालो.

"लाल रंगवल्यात त्या जमल्यात वाटतं?"

"तसंच काहीसं."

"हं," असं म्हणून ती गेली. त्या 'हं'नं पुढे माझं काय केलं ते सांगायला मला अख्खा महिना लागेल.

टॅक्सीतून उतरून मी तडक तिच्याकडे गेलो. ती पीठ मळत होती. "मा-पोगिसो, माझं लग्न आहे असं कोण म्हणतंय?"

"कोण म्हणतंय काय? सगळे म्हणतात. लपवायचं कशाला, रा-रेसेगो? तीन वर्षं झाली. माणूस आहात तुम्ही, खांब नाही."

"पण कशावरून?"

तिनं पिठाचं बोट वर केलं. "एक, फ्रीजवर बोगादीच्या गाई. पुरुषमाणूस आणखी कशासाठी गाई मोजतो? दोन, तुम्ही पोलीस ठाण्यात जाऊन शपथेवर लिहून दिलंत की तुम्हाला बायको नाही. माझ्या भाच्यानंच शिक्का मारला. तीन, केलेबोन्ये मास्तरीणबाईंचा चार रँड दंड तुम्ही माफ केलात. तुम्ही. दंड."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तेच तर दुखणं होतं. बँकेला दर सहा महिन्यांनी एक प्रतिज्ञापत्र लागतं की हा इसम एकट्यानं मूल वाढवतो आणि घरात दुसरी मिळकत नाही. ते पोलीस ठाण्यात करावं लागतं. ठाण्यातल्या त्या पोरगेल्या हवालदारानं पत्नी मयत असल्याचा दाखला मागितला. मी दिला. तो तीन महिन्यांपेक्षा जुना आहे म्हणाला. मी म्हटलं, मृत्यूच तीन वर्षांपूर्वीचा आहे. तो म्हणाला, मृत्यू जुना चालेल, छायाप्रत ताजी पाहिजे. छायाप्रतीच्या दुकानात वीज नव्हती. असे चार हेलपाटे झाल्यावर त्यानं शिक्का मारला आणि मोठ्यानं वाचलं, "मी विवाहित नाही आणि मुलीखेरीज माझ्यासोबत कोणी राहत नाही." मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी 'अरेरे' केलं. आणि केलेबोन्येबाईंचा दंड मी माफ केला, कारण त्या दिवशी माझ्याकडे सुटे नव्हते. एकोणीस वर्षांत एकदा हातून सत्कर्म झालं, तेही सुट्ट्या पैशांअभावी, आणि त्याचे हे धिंडवडे.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं की बाई, हे लग्न नाही, कर्ज आहे. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग तिनं विचारलं असतं, कसलं कर्ज? सेगामेत्सीच्या दफनाला आलेल्या साऱ्या गल्लीसमोर मी ताठ मानेनं नोटा मोजल्या होत्या. लोक अजून सांगतात, फालात्सेनं बायकोला मान दिला, एका दिवसात चार गाई दिल्या. आता त्यांना सांगू की तो मान हप्त्यांवर होता? नवरदेव म्हणून हसू होणं परवडलं. मी म्हणालो, "बघू, अजून काही नक्की नाही." आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, आणि धोंडा मीच निवडून घेतला.

त्यानंतर मला घरात बसवेना. बसलो की कुणीतरी सल्ला घेऊन यायचं. शेजारचे मोत्सामाई काका रोज येत. ते निवृत्त बसचालक, आणि दुसऱ्याच्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एक मार्ग असतो, जो त्यांनी स्वतः कधी चालून पाहिलेला नसतो. "गाईंचे पैसे रोख देऊ नकोस," ते म्हणाले. "कर्ज काढ. बोगादीसाठी बँक कर्ज देते आता. क्रेडिट कार्ड घे एखादं." मी पाण्याचा घोट चुकीच्या नळीत घेतला. मग म्हणाले, "बोलणीला मी जातो. एकोणतीस वर्षं बस चालवली, कुणाला कुठं उतरवायचं मला कळतं." याच सुमारास बँकेनंही फोन केला. हप्ते वेळेवर येत असल्याबद्दल त्या मुलीनं माझं कौतुक केलं आणि आनंदाची बातमी दिली की मला नवं कार्ड मंजूर होऊ शकतं. मी फोन ठेवला आणि अंगणात तीन चकरा मारल्या.

बुधवारी सेबोलाई आत्या आली. दिनोकानाहून, दोन टॅक्सी बदलून, डोक्यावर ब्लँकेटांचं गाठोडं. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा. वडिलांच्या मागे आमच्या घरात तीच मोठी, आणि मला लहानपणच्या 'ओले' या नावानं हाक मारणारी तीच उरलेली. तिला कुणी कळवलं हे मी विचारलं नाही, मा-पोगिसोनं बसायला पाट दिला तेव्हाच कळलं.

"ओले," आत्या म्हणाली, "घरात बाई आणतोस आणि मला गल्लीकडून कळतं. तुझा बाप असता तर त्यानं तुला झाडाला बांधला असता."

"आत्या, तसं काही नाही."

"काही नाही तर गाई कसल्या? गाई काय आपोआप येतात?"

रेसेगो दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ती सांगू शकली असती की त्या आईच्या जेवणाच्या गाई आहेत. पण आमच्यात ठरलं होतं, पाकिटांचं बाहेर बोलायचं नाही, आणि ती माझ्यापेक्षा शब्दाची पक्की. ती फक्त म्हणाली, "आजी, चहा घेणार?" आणि मला कळलं की तिलाही आता संशय यायला लागलाय. तिनं त्या रात्री जेवताना विचारलं, "मास्तरीणबाई आपल्याकडे राहायला आल्या तर त्यांचं पाकीट कुठलं?" मी म्हटलं, कुणी येत नाहीये. "मग नाही म्हणून सांग ना सगळ्यांना," ती म्हणाली. लहान मुलांना वाटतं, 'नाही' हा शब्द नुसता तोंडातून काढला की झालं.

शुक्रवारी खुद्द केलेबोन्येबाई वाचनालयात आल्या. उंच, चष्मा, हातात पुस्तक. त्यांनी ते पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर चार रँड ठेवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फालात्से, माझ्या लग्नाची तारीख मला कुणी सांगेल का? माझ्या शाळेत सहावीच्या मुलांनाही ती माहीत आहे."

मी गयावया केली. सगळं नाही, पण अफवा आहे एवढं सांगितलं.

"अफवा असेल तर मारा तिला. माझे मामा माबोपानेत खुर्च्या पुसून बसलेत. त्यांनी आठ गाई मनात धरल्यात. मी त्यांना सांगितलं की मला विचारा, तर म्हणाले, तुला काय विचारायचं, तू तर नवरी."

"सोमवारपर्यंत मिटवतो," मी म्हणालो. सोमवारी महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि पंधराव्या हप्त्याची मुदतही. माझ्या मनात सगळं सोमवारशी जोडलेलं होतं. पावती दिली तरी त्या चार नाण्यांकडे बघवेना.

शनिवारी अर्धा दिवस वाचनालय असतं. एक वाजता घरी आलो तर घर रिकामं. रेसेगो चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलेली, तिची चप्पल नव्हती. आत्याची ब्लँकेटं होती, आत्या नव्हती. मोत्सामाई काकांचा रविवारचा कोट रोज त्यांच्या दारामागे लटकलेला दिसतो, तोही नव्हता. का कोण जाणे, मी आधी पाकिटांचा डबा उघडला. टॅक्सी होतं, वीज होतं, शाळा, चर्च, पीठ, सगळी भरलेली. 'गाय' होतं, पण चपटं.

आत्यानं चोरी केली नव्हती, हे मी आजही कोर्टात सांगेन. घरातल्या मोठ्या बाईनं पाकीट बघितलं, त्यावर गाय लिहिलेलं होतं, आणि गाईसाठी ठेवलेले पैसे गाईच्या कामाला घेऊन ती गेली. अक्षर तर माझ्याच मुलीचं होतं, सुवाच्य. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. माझा तर व्याहीच नव्हता आणि घोडं निघालं होतं.

मी 'पीठ'मधले पन्नास रँड घेतले आणि चर्चच्या दारातून रेसेगोला ओढलं. माबोपानेच्या टॅक्सीत मला बसवेना आणि उभं राहायला जागा नव्हती. "पाचवी गाय," मी पुटपुटत होतो. रेसेगो माझा हात धरून म्हणाली, "पपा, पाय हलवू नकोस, समोरची बाई बघतेय."

केलेबोन्येच्या मामांच्या अंगणात खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. मामा आणि त्यांचे तीन भाऊबंद एका बाजूला, टोप्या घालून. समोर खाली चटईवर मोत्सामाई काका आणि आत्या, अगदी नम्रपणे, कारण मागणी घालायला आलेल्यांनी उंच बसायचं नसतं. मध्ये पितळेच्या ताटात माझे अडीच हजार. मी फाटकातून आत घुसलो तसे मामा उठून उभे राहिले.

"हा कोण?"

"नवरदेव," आत्या म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

बोलणीला नवरदेवानं यायचंच नसतं. तो आसपास दिसलाही तर हावरा समजतात. मी तर धापा टाकत, मुलीचा हात धरून, बाहीला धुळीचा डाग घेऊन आलो होतो. मामांच्या एका भावानं तोंडावर टोपी धरली. "ताट भरल्यावर पळत आलाय," तो म्हणाला. "घाईचं लग्न दिसतंय."

"मला पैसे परत हवेत," मी म्हणालो.

 मामा सावकाश बसले. "हे पैसे तोंड उघडायचे असतात, बाबा. हे दिल्याशिवाय आम्ही तुझ्या माणसांशी बोलतच नाही. दिले, आमचं तोंड उघडलं, आम्ही बोललो. उघडलेलं तोंड परत कसं मिटवणार?"

"पण लग्नच नाहीये."

"मग गाई कसल्या?" हे मामा, त्यांचे भाऊ, मोत्सामाई काका आणि आत्या, सगळे एकाच वेळी म्हणाले.

मी रेसेगोकडे बघितलं. तिला बाहेर पाठवावं असं वाटलं. पण तिनं माझा हात सोडला नाही, आणि मला त्या क्षणी सारखं उभं राहण्याचा, चालण्याचा, लपवण्याचा असा कंटाळा आला की मी त्या आत्याच्या चटईवरच बसलो.

"त्या गाई द्यायच्या नाहीत," मी म्हणालो. "दिलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी, सेगामेत्सीच्या माणसांना, दफनाच्या सकाळी. माझ्याकडे नव्हत्या. मी त्या कार्डावर दिल्या. अजून फेडतोय. सोमवारी हे अडीच हजार बँकेत गेले नाहीत तर आणखी एक गाय लागेल."

मामांनी टोपी काढली. पण त्यांचं कुतूहल शोकापेक्षा मोठं होतं. "कार्डावर? गाई? यंत्र कुणाकडे होतं, त्या मामाकडे?"

"नाही. बँकेच्या यंत्रातून काढून आणले."

"आणि व्याज?"

मी सांगितलं. त्यांनी तोंडानं चकचक केली. "म्हणजे तू गाईच्या पोटातलं वासरूसुद्धा बँकेला देत होतास," ते म्हणाले. मग त्यांची नजर रेसेगोवर गेली. ते म्हातारे होते आणि त्यांना सगळा रिवाज पाठ होता. "ही तिची मुलगी?"

"हो."

"म्हणजे ही जाऊ नये म्हणून दिल्यास."

 रेसेगोचा हात माझ्या हातात घट्ट झाला, मग सैल झाला आणि मग तिनं तो काढून घेतला.

आत्यानं शालीच्या टोकानं नाक पुसलं. "अकरा वर्षं मी तुला सांगत होते, ओले," ती म्हणाली, "दर वर्षी अर्धी तरी गाय दे म्हणून." हे खरं होतं, आणि ते तिनं सगळ्यांसमोर सांगायची काही गरज नव्हती.

मामा अजून ताटाकडे बघत होते. माणूस विरघळला होता, पण ताटातले पैसे काही विरघळत नव्हते. "दुःखाची गोष्ट आहे," ते म्हणाले, "पण रिवाज हा रिवाज. तोंड उघडायचे पैसे परत गेल्याचं मी ऐकलं नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून केलेबोन्येबाई बाहेर आल्या. त्या आतून सगळं ऐकत होत्या. "मामा, हे पैसे तोंड उघडायचे ना?"

"हो."

"मग माझं उघडते. ते माझ्यासाठीच दिलेत. मला या माणसाशी लग्न करायचं नाही, या माणसाला माझ्याशी करायचं नाही, आणि यानं मला चार रँड माफ केले ते मी काल भरले, पावती आहे. झालं माझं बोलून. पैसे द्या."

मामांनी भावांकडे बघितलं, भावांनी आकाशाकडे. शेवटी त्यांनी ताटातले दोनशे रँड काढून खिशात घातले. "आल्याचं सरबत केलंय, खुर्च्या भाड्यानं आणल्यात," ते म्हणाले. "तो खर्च रिवाजात बसतो." बाकीचे त्यांनी माझ्या ओंजळीत दिले.

दोनशे कमी. सोमवारपर्यंत दोनशे रँड म्हणजे आमच्या घरात काय असतं ते मी तुम्हाला सांगू नये. टॅक्सीत मी पाकिटांची बेरीज वजाबाकी करत होतो, वीज तोडून, चर्च तोडून, तरी जमेना. आत्या शेजारी बसली होती. तिनं झग्याच्या गळ्यातून रुमालाची गाठ काढली, दातानं सोडली आणि दोन शंभराच्या नोटा माझ्या गुडघ्यावर ठेवल्या.

"हे कुठले?"

"परतीचं भाडं होतं," आत्या म्हणाली. "आता काय, राहते मी इथेच. पुढच्या पेन्शनपर्यंत. किंवा त्याच्या पुढच्या." मग तिनं मोत्सामाई काकांना विचारलं, "याच्या घरात रोज डब्यातलेच मासे असतात का हो?"

रविवारभर रेसेगो माझ्याशी बोलली नाही. रागावली होती असं नाही. ती चालत होती. अंगणात, स्वयंपाकघरात, दारापासून फ्रीजपर्यंत आणि परत. ही माझीच सवय, आणि ती तिच्यात बघताना मला प्रथमच कळलं की दुसऱ्याला ती किती त्रास देते. मी तिच्यामागे चाललो तर ती उलट्या दिशेनं चालू लागली. आत्या मध्ये खुर्ची टाकून बसली होती आणि दोघांनाही वाट करून देत होती.

सोमवारी बँकेत रांग दारापर्यंत होती, मग वीज गेली, मग यंत्रणा बंद पडली, मग पैसे घेणारी बाई जेवायला गेली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या पावतीवर शिक्का बसला. मी ती घडी न घालता हातात धरून घरी आणली.

रेसेगो फ्रीजसमोर उभी होती, हातात लाल रंगाची कांडी. मी पावती दिली. तिनं तारीख बघितली, रक्कम बघितली आणि चौथ्या गाईची छाती रंगवायला लागली, सावकाश, मानेपर्यंत. मग पाठ न वळवता तिनं विचारलं, "या जेवणाच्या गाई नाहीत ना?"

"नाहीत."

"माझ्या आहेत."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली," मी म्हणालो. "आणि भीती. तुला वाटेल की तुझे पैसे मोजले म्हणून."

ती गाईकडे बघत होती, जणू टक्केवारीचं गणित आहे. "मग आत्तापर्यंत मी किती तुझी झाले?"

मी फ्रीजकडे बघितलं. "मानेपर्यंत."

"आणि डोकं बँकेचं?"

"पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत."

तिनं कांडीचं टोपण लावलं आणि ती फ्रीजवर ठेवून दिली. मग ती माझ्याजवळ आली आणि तिनं तिचं कपाळ माझ्या बाहीला लावलं, तीन वर्षांपूर्वी दफनाच्या दिवशी लावलं होतं तसं. 

"हप्ता भर," ती माझ्या बाहीत म्हणाली. "पण डोकं रंगवायचं नाही. ते मला लागतं."

पुढच्या महिन्यात मी सोळावा हप्ता भरला. बँकेचं पत्र आलं, कर्ज फिटलं. 'गाय'चं पाकीट आता आत्यानं घेतलंय, तिच्या चहासाखरेला. फ्रीजवरचा कागद तसाच आहे, साडेतीन गाई आणि वर थोडी लाल आणि एक पांढरं डोकं. मा-पोगिसो कोंबडीचे पाय ठेवायला येते तेव्हा अजून त्यासमोर थांबते. परवा टॅक्सीच्या रांगेत एक गृहस्थ माझा हात धरून सांत्वन करत होते. त्यांना तिनं सांगितलं होतं की फालात्सेचं लग्न एका डोक्यावरून अडलंय, आणि पलीकडची माणसं काही केल्या ते सोडायला तयार नाहीत. मी "धन्यवाद" म्हणालो.